चिंचेखाली दोन फूट

१७ जानेवारी १९९९, रविवार

आज तिघांचा राग आला. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या नवे तिघे येतात आणि जुने सुटून जातात.

पहिला विनोदकुमार. जयनगर फोर्थ ब्लॉकात त्याचं सायबर कॅफे आहे आणि मी तिथे कामाला बसतो, म्हणजे कॉम्प्युटर अडकला की ठोकतो आणि प्रिंटरला कागद चारतो. आज गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "हा आमचा हाफ इंजिनिअर." आठातल्या तिसऱ्या सेमिस्टरला कॉलेज सोडलं तर हाफसुद्धा होत नाही. हिशेबही येत नाही याला.

दुसरा ड्रॉइंगचा सर. त्याचं तोंड बघून दोन वर्षं झाली, पण राग रोज ताजा येतो. माझी शीट अख्ख्या वर्गासमोर फाडली होती त्याने. म्हणे, "इतकी स्वच्छ शीट तुझी असूच शकत नाही. कोणाची ट्रेस केलीस?" मी रेघा आखायचा लोखंडी ड्राफ्टर भिरकावला. त्याला लागला नाही, खिडकीला लागला. खिडकीचं वाईट वाटतं.

तिसरी शमिका. तिचा राग येतो हे लिहायला हात वळत नाही, पण येतो. माझ्याच वर्गात होती, आता शेवटच्या वर्षाला आहे. आज बापाला घेऊन कॅफेत आली आणि म्हणाली, "बाबा, हा उपेंद्र. आमच्या कॉलेजात होता." होता! फोटोला हार घातल्यासारखं.

बाप म्हणजे सूर्यकांत निमकर. सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता, आता मुदतीआधी निवृत्ती घेऊन घरी असतो. टेबलावर बोटं वाजवत म्हणाला, "अमेरिकेत म्हणे प्रत्येक तळ्याचा नकाशा इंटरनेटवर फुकट मिळतो. खोली वगैरे सगळं. प्रिंट काढायचा, गाडीत टाकायचा, फिशिंगला निघायचं. आपल्या इथल्या तळ्यांचे मिळतात का बघ. आम्ही मूळचे रेवदंड्याचे, मासे आमच्या रक्तात आहेत."

मी म्हटलं, "सरी, बघतो." कानडीतलं 'बरं' तोंडात बसलंय.

"सरी? हे कुठलं रे मराठी? तुम्ही बेंगळूरचे मराठी लोक म्हणजे सांबारात बुडवलेली पुरणपोळी."

चार पिढ्या कॉटनपेटात राहून घरात मराठी टिकवली त्याचं हे बक्षीस. पण शमिका हसली नाही. हे मुद्दाम नोंदवतो.

२१ जानेवारी

चार दिवस शोधतोय. अमेरिकेतल्या तळ्यांचे नकाशे पानंच्या पानं निघतात. आमच्या गल्लीएवढं डबकं, पण त्यालासुद्धा नकाशा. अंगठ्याच्या ठशासारख्या खोलीच्या रेघा, प्रत्येक रेघेवर फुटांचा आकडा, कुठे होडी सोडायची, कुठे कुठला मासा. वर लिहिलेलं, फुकट आहे, प्रिंट काढा आणि जा. इतका चांगुलपणा बघून डोकं तापतं.

मग बेंगळूर टाइप केलं. एका हॉटेलचा स्विमिंग पूल निघाला.

त्यांच्यातला एक नकाशा छापून माझ्या टेबलासमोर चिकटवला. काय रेघा आहेत! विनोदकुमार म्हणाला, "नकाशा फुकट रे राजा, शाई फुकट नाही." चिकटपणात याचा हात कोणी धरणार नाही.

निमकरांना सांगितलं, इथल्या तळ्यांचे नाहीत. सरकारी ऑफिसात असतील, अर्ज करून आणू का? तर घाईघाईने म्हणाले, "छे छे, ऑफिसात जाऊ नकोस. नाव लिहा, कारण लिहा, नसत्या चौकशा." मग स्वतःच म्हणाले, "सीगेकट्टे माहीत आहे? एचएसआर लेआउटच्या पलीकडे. तेवढ्या एकाचा मिळाला तरी पुष्कळ."

सीगेकट्टे! अहो, ते तर आमच्या काकाचं गळ टाकायचं तळं. मी म्हटलं, मिळत नसेल तर मी काढून देतो. अमेरिकेपेक्षा चांगला.

निमकर पहिल्यांदा माझ्याकडे माणूस असल्यासारखे बघून हसले. "तसं झालं तर पहिल्या ट्रिपला तू आमच्याबरोबर. शमिकाही येईल."

हे वाक्य मी इथे पुन्हा लिहितो. शमिकाही येईल.

३१ जानेवारी, रविवार

काकाबरोबर सीगेकट्टेला गेलो. विठोजीकाका म्हणजे अप्पांचा धाकटा भाऊ. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर उभा राहून आयुष्य काढलं, लग्न केलं नाही, आमच्यातच राहतो. दर रविवारी गळ, नाचणीच्या मुद्देत, म्हणजे उकडीत, गूळ मळून केलेल्या गोळ्या आणि ओलं पोतं कापून शिवलेली पिशवी घेऊन जातो. पलीकडच्या टोकाला बांधावर एक चिंच आहे, तिच्याखाली बसतो. दुसरीकडे नाहीच.

गळ टाकणाऱ्यांची एक रीत आहे. परक्याने विचारलं, मिळाले का, तर नाही म्हणायचं. आज एक सायकलवाला थांबला, "सिक्तेनण्णा?" म्हणाला. काकाच्या मांडीशी पिशवी टणाटण उडत होती. काका पाण्यावरची नजर न काढता म्हणाला, "इल्लप्पा, नीरु तण्णगिदे." नाही रे बाबा, पाणी थंड आहे. सायकलवाला पिशवीकडे बघत बघत गेला. मग काका माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "चार. एक तर तुझ्या पायाएवढा."

मी नकाशाचं काढलं.

"नकाशा कशाला? मासे काय एका घरात राहतात? त्यांना रेशन कार्ड दिलंय?"

"काका, इथे खोल किती आहे?"

"का? जीव द्यायचाय?"

"निमकरसाहेबांना हवंय. कुठे कुठे उथळ आहे ते विचारत होते."

"उथळ?" काकाने आता कुठे मान वळवली. "तुझा साहेब मासे धरतो की बगळे?"

यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही. अडाणी विनोद करतात आणि स्वतःच हसतात. घरी आल्यावर त्याच्या डब्यातून लेथवर घडवलेलं शिशाचं वजन मात्र खोली मोजायला काढून घेतलं.

१४ फेब्रुवारी, रविवार

आज सगळं जयनगर लाल गुलाब विकत होतं. मी शिसं बुडवत होतो.

गावातल्या एकाचा तेप्पा मागून घेतला. तेप्पा म्हणजे वेताची मोठी टोपली, खाली डांबर फासलेलं. वल्हं मारलं की पुढे जाण्याऐवजी स्वतःभोवती फिरते. विनोदकुमारसारखी आहे. बांधावर दोन खुणा धरायच्या, त्यांच्या रेषेत जायचं, ठरावीक अंतरावर दोरा सोडायचा, हाताहाताला गाठी मारल्यात त्या मोजायच्या, आकडा लिहायचा. बोटं सोलली. पण रात्री आकडे शीटवर चढवले आणि ते तळं कागदावर वर येऊ लागलं तेव्हा मला वाटलं, त्या सरला आता बोलवावं आणि खुर्चीला बांधून दाखवावं.

दुपारी निमकर आले होते. खांद्यावर नवा कोरा रॉड, रिळावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. त्यांच्याबरोबर पांढऱ्या एस्टीम गाडीतून एक जितेंद्र नावाचा माणूस. गॉगल, पांढरे बूट. शमिका मागे बसलेली. काच खाली केली नाही.

जितेंद्र बांधावरून चालता चालता विचारत होता, मार्चात पाणी किती आटतं, हद्दीचे दगड कुठे आहेत, या बांधावरून लॉरी येईल का.

"लॉरी कशाला?" मी विचारलं.

निमकर म्हणाले, "बोट आणायचीय रे. मोठी."

मोठी बोट! म्हणजे मी टोपलीत गरगर फिरायचं आणि हा शमिकाला मोटारबोटीत फिरवणार.

मी मुद्दाम जितेंद्रला म्हटलं, "या की तेप्प्यात, एक फेरी मारू."

तो दोन पावलं मागे सरला. "नको बाबा. पोहता येत नाही मला. घोट्याच्या वर पाणी आलं की छातीत धडधडतं."

असल्या माणसाला फिशिंग हवंय. गळ कोणी टाकलाच नाही. रॉड तसाच गाडीत परत गेला. वेळच मिळाला नसेल.

२३ फेब्रुवारी

शमिका कॅफेत आली. एकटी! कोपऱ्यातला कॉम्प्युटर घेतला आणि स्क्रीन न लावताच बसून राहिली. मी पाणी नेऊन दिलं. तिने माझ्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं.

"तू खरंच सगळं मोजतोयस?"

"एकेक हात. अमेरिकेवाल्यांनी बघावं."

"उपेंद्र, ऐक ना. इतकं परफेक्ट कशाला? म्हणजे... एवढी काय गरज आहे? चुकव की थोडं."

"चुकवू?"

"अंदाजे काढ ना. किंवा सांग, जमलं नाही. तुला कोण काय म्हणणार आहे?"

मला कोण काय म्हणणार! माझ्याकडून कोणाला अपेक्षाच काय! तिलाही वाटतं की ती शीट माझी नव्हती. मी म्हणालो, "तुझ्या बाबांना दाखवतोच कसं जमत नाही ते. तुला भीती वाटते ना, मी त्यांच्या नजरेत चांगला ठरेन म्हणून?"

ती म्हणाली, "मूर्ख आहेस तू." आवाज रडल्यासारखा होता. माझ्यावरचा राग असेल. पाण्याला हात न लावता गेली.

विनोदकुमारने तिच्या बसण्याचे पैसे माझ्या नावावर लावले.

७ मार्च, रविवार

आज शेवटची रेषा, चिंचेची. आणि दोरा संपला. शिसं खाली खाली जातच राहिलं, सगळ्या गाठी गेल्या, शेवटचं टोक बोटाला चिमटून मी तेप्प्यात पोटावर झोपलो. तळ नाही. काका चिंचेखालून बघत होता. त्याच्या गळाच्या बुचाला लाटा लागत होत्या तरी ओरडला नाही.

काठाला आलो तेव्हा म्हणाला, "लागला नाही ना?"

"काय आहे तिथे?"

"दगडाची खाण होती. बांध घालायला दगड काढला तो इथलाच. आत शिडी सोडून उतरायचे लोक." गोळी लावली, गळ टाकला. "उपेंद्रा, ही जागा घालू नकोस कागदात. स्वल्प ऐक माझं."

काकाने मला कधी काही मागितलेलं नाही. पण मी चिडलो. शीटवर एका ठिकाणी भोक ठेवायचं? सगळं अचूक आणि कोपऱ्यात रिकामी जागा? निमकर म्हणणार, अर्धवटच राहिलं. हाफ!

काहीच बोललो नाही. काकाने तो होकार धरला असणार, कारण परत येताना बसमध्ये माझं तिकीट त्याने काढलं.

११ मार्च

संध्याकाळी जयनगर कॉम्प्लेक्ससमोर पांढरी एस्टीम उभी. शमिका पुढच्या सीटवर. पुढच्या! जितेंद्र हात हलवून हलवून काहीतरी समजावत होता आणि ती खाली बघत होती. लाजत होती. मला काय दिसत नाही?

घरी येऊन शीट उघडली. जितेंद्र म्हणाला होता, सावलीची, सपाट, उथळ जागा मोठ्या अक्षरात दाखव. सावली असलेली एकच जागा आहे त्या बांधावर.

चिंचेखाली लिहिलं, २ फूट.

येऊ दे त्याला. येऊ दे पांढरे बूट काढून, पँट दुमडून, शमिकासमोर ऐटीत पाण्यात. एक पाऊल टाकेल आणि गॉगलसकट खाली. मी असणारच काठावर. मी पोहतो. केसाला धरून बाहेर काढीन, पण लगेच नाही. आधी त्याला दोन-चार घोट घेऊ दे.

काकाचंही ऐकलं एका अर्थी. खरी जागा कागदात घातली नाही.

आयुष्यात पहिल्यांदा ड्रॉइंगमध्ये खोटा आकडा लिहिला. अक्षर सगळ्यात सुंदर तेच आलंय.

२१ मार्च, रविवार

निमकरांच्या घरी शीट नेली. जेवणाच्या टेबलावर पसरली. जितेंद्र होताच. दोघं वाकून बघत होते, एकमेकांकडे बघत होते. निमकर म्हणाले, "अरे, हे तर सर्व्हेअरसारखं आहे! आणि हे चिंचेखाली? दोनच फूट?"

"दोनच."

"कॉर्नर, सावली, बांधाला लागून. हा आपला." जितेंद्रकडे बघून म्हणाले. बसायची जागा निवडली. मी मनात हसलो.

शमिका चहा घेऊन आली. ट्रे हातातच ठेवून नकाशाकडे बघत राहिली.

"सगळं बरोबर आहे?" मलाच विचारलं.

"एक आकडा चुकलेला नाही."

तिने ट्रे तसाच आत नेला. माझ्यापर्यंत चहा आलाच नाही. निमकरांच्या लक्षातही आलं नाही. त्यांनी शीट गुंडाळली आणि म्हणाले, "ट्रिपचं कळवतो." शेवग्याच्या शेंगा विकत घेतल्यावर म्हणतात ना, तसं, जा आता.

११ एप्रिल, रविवार

कळवलं नाही. गेले सगळे रविवार मी सीगेकट्टेला जाऊन बसतोय. काकाला वाटतं मला मासेमारीची गोडी लागली. मला गावातल्या छोट्या पोरालाही चिंचेकडे धावू द्यावंसं वाटत नाही, तिथे कोणी येत नाही तरी. खरी भीती लिहितो. मी नसताना ते आले तर? जितेंद्र बुडला तर? राग होता, मान्य, पण मरावा असा नव्हता. आणि त्याचा हात धरून शमिका पाण्यात उतरली तर?

हे डोक्यात आल्यावर तिथूनच तडक त्यांच्या घरी गेलो. निमकरांनी दार पूर्ण उघडलं नाही. ग्रिलमधून बोलले.

"साहेब, त्या शीटवर एक आकडा जरा..."

"ट्रिप कॅन्सल. सध्या वेळ नाही कोणाला."

"नाही, पण एक आकडा बदलायला हवा, चिंचेजवळचा."

"आता काही बदलायचं नाही. कॉपी निघाल्या, वाटून झाल्या."

"फिशिंगच्या नकाशाच्या कॉपी? कोणाला?"

"तुला काय करायचंय? तुझं काम झालं ना?" आणि दार लागलं.

कृतघ्न माणूस. पण ट्रिप रद्द झाली, म्हणजे कोणी बुडणार नाही. बसमध्ये खिडकीशी बसून पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

२ मे, रविवार

आज मी कॅफेत होतो. काका दुपारीच घरी परतला होता. पिशवी कोरडी. मी संध्याकाळी आलो तेव्हा उंबऱ्याशी बसला होता. म्हणाला, "जा. बघून ये तुझं तळं."

गेलो.

लॉऱ्या. लाल माती. बांध फोडून पाणी खालच्या ओढ्यात सोडलेलं. उथळ बाजूला जिथे मी पंधरा दिवस टोपलीत फिरलो, तिथे माणसं चालत होती. बगळे मातीवर उभे, काय करावं न सुचून.

बोर्ड लावलाय. लेक व्ह्यू एन्क्लेव्ह. पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीवर माझी शीट. निळी कॉपी. माझे आकडे, माझं अक्षर, उत्तरेचा माझा बाण. त्यावर लाल शाईने चौकोन आखलेत आणि चौकोनांना नंबर. जिथे तीन फूट तिथे माती कमी, जिथे आठ फूट तिथे जास्त, असं एका माणसाने बिस्किट खाता खाता मला समजावून सांगितलं. गिऱ्हाईक समजला मला. म्हणाला, "नकाशा एवढा पक्का आहे सर, एक लॉरी फुकट जात नाही."

मी भिंतीवरून शीट ओढली. दोघांनी धरून बाहेर फेकलं. कोपर फुटलंय. गावातले लोक लांब उभे होते. त्यांना सांगितलंय, जागा आधीपासून खासगी होती, कागद आहेत. तेप्पावाला माझ्याकडे बघून थुंकला.

निमकर, जितेंद्र, दोघांना मारीन. नावं लिहून ठेवली.

शमिकाला माहीत होतं का? असणार. चुकव म्हणाली होती

२० मे

आज दोघं कॅफेत आले. मी मारायला उठायच्या आधी तेच अंगावर आले. काल चिंचेजवळ लॉरी मागे घेताना माती खचली आणि अख्खी लॉरी आत गेली. ड्रायव्हरने उडी मारली. वाचला. वाचला हे कळेपर्यंत मी काउंटरला धरून होतो.

जितेंद्र ओरडला, "दोन फूट लिहिलंस तिथे! त्या भोकात आठवडाभर माती टाकतोय. भरतच नाही! वरून लॉरी गेली!"

निमकरांच्या ओठांवर फेस आला होता. "माझे दोन प्लॉट आहेत रे त्या कोपऱ्यात! माझ्या वाट्याचे! मुद्दाम केलंस तू. पोलिसात देतो तुला."

"द्या," मी म्हटलं. "चला, मीही येतो. काय सांगणार? मासे धरायला नकाशा दिला होता, साहेब. कोणीतरी त्यात माती टाकली."

सगळे कॉम्प्युटर थांबले. मागच्या रांगेतला एक पोरगा हसला. निमकर माझ्या कॉलरला धरायला आले तेव्हा विनोदकुमार मध्ये उभा राहिला. बुटका माणूस, त्यांच्या छातीपर्यंतही येत नाही.

"साहेब, प्रिंटआउटची गॅरंटी कॅफे देत नाही. बाहेर बोर्ड आहे, वाचा."

असा कुठलाही बोर्ड नाही.

ते गेल्यावर विनोदकुमारने मला कामावरून काढलं. म्हणाला, "अण्णा, तू चांगला आहेस, पण तुझ्या आजूबाजूला काचा फुटतात." दारापर्यंत येऊन खिशातून ती अमेरिकेची प्रिंट काढून दिली, भिंतीवरून स्वतः सोडवलेली. त्याची घडीही नीट घातली होती. त्याचा राग करायचा म्हटलं तरी आज जमलं नाही.

१३ जून, रविवार

शमिका सीगेकट्टेला आली. मी बांधावर होतो, म्हणजे बांध जेवढा उरलाय तेवढ्यावर. तिन्ही बाजूंना सपाट लाल मैदान, चुन्याच्या रेघा. कोपऱ्यात चिंच आणि तिच्याखाली आमच्या घराएवढं पाणी. तेवढंच. ते भरायचं सोडून दिलं त्यांनी. त्या चौकोनांना कोणी हात लावत नाही.

तिने रिक्षा लांब थांबवली आणि चालत आली. परीक्षा संपली, पुण्याला नोकरी लागली, परवा जाते म्हणाली. घरात बाबा बोलत नाहीत कोणाशी.

मी म्हणालो, "जितेंद्रही पुण्याला येणार असेल."

"जितेंद्र?" तिला खरंच कळलं नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. "दोन मुलं आहेत त्याला. बाबांचा पार्टनर आहे तो. त्या दिवशी गाडीत मला धमकावत होता, बाहेर काही बोललीस तर तुझे बाबाही अडकतील म्हणून." थोडं थांबून म्हणाली, "तुला तेव्हाही काही वेगळंच दिसलं?"

मी चिंचेकडे बघत राहिलो.

"आमच्या घरात मासा शिजलेला कोणी पाहिलाय, उपेंद्र? बाबांना वाससुद्धा सहन होत नाही. मला वाटलं, तुझ्या लक्षात येईल. बापाचं नाव घेऊन मी अजून किती सांगणार होते?"

मग ती त्या पाण्याकडे बघून हसली. गेल्या दोन वर्षांत मला बघून ती अशी कधी हसलेली नाही. "पण ऐकलंस तू माझं. मी त्यांच्या समोर विचारलं तेव्हा काय सफाईने म्हणालास, एक आकडा चुकलेला नाही! मी आत जाऊन रडले, मला वाटलं खरंच चुकवलं नाहीस. आणि नंतर लॉरीचं कळलं."

मी नाही म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण ती अजून हसत होती.

"हो," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मैदानाकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. हसू गेलं.

"मग एकच जागा का?" म्हणाली. "बाकीचं सगळं इतकं बरोबर का काढलंस?"

याचं उत्तर माझ्याकडे आहे. तिला दिलं नाही. ती वाट बघत थांबली, मग रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

ती गेल्यावर चिंचेखाली गेलो. काका बसला होता. तळं बुजताना पाहिलं त्या रविवारपासून तो माझ्याशी शब्दही बोललेला नाही, आणि रविवारी तो माझ्याआधी निघून येतो. मी त्याच्या शेजारी बसलो. तो सरकला नाही. सरकायला जागाही नव्हती, काठच तेवढा उरलाय. बूच पाण्यावर उभं होतं. नाचणीच्या गोळ्यांचा डबा आमच्या दोघांच्या मध्ये होता, तो त्याने उचलून पलीकडे ठेवला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मिळाले का?"

काकाने पाण्यावरची नजर काढली नाही.

"नाही," म्हणाला. "पाणी थंड आहे."

त्याच्या मांडीशी पिशवी उडत होती.